प्रतिसाद: थंड दूध, मिसळ आणि पॅन्टोप्राझोल

थंड दुधाने अ‍ॅसिडिटीची जळजळ थांबते असं वरच्या लेखात लिहिलंय. थांबते, पण घटकाभर. मग पोटात आम्ल पुन्हा वाढतं. पुदिन्याने तर अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते, घशाशी येणाऱ्यांनी जपूनच.

नाशिकात राहून मिसळ सोडा म्हणणं सोपंय! मी सोडलेली नाही. रविवारी सकाळी खातो, रस्सा वेगळा मागवून, तर्री बाजूला सारून, वर चहा नाही. रात्री मात्र अजिबात नाही. जेवण आणि झोप यांत 3 तास हवेतच. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली 15-20 सेंमी उंचीच्या विटा ठेवा, डाव्या कुशीवर झोपा. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं, त्रास वाढतो.

पॅन्टोप्राझोल, म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी, जेवल्यावर घेणारे खूप दिसतात. ती न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची. जेवताना आम्लाचे पंप सुरू होतात, तेव्हा ती रक्तात पोचलेली हवी. मनानेच वर्षानुवर्षं नको, बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. एकदम बंद केली तरी जळजळ उसळते, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. घास अडकणं, वजन उतरणं, शौचाला काळं होणं यातलं काहीही असेल तर जिरं-ओवा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना एंडोस्कोपीचं (दुर्बिणीने पोटाच्या तपासणीचं) विचारा.