मदत हवी आहे: एएनए १:१६० पॉझिटिव्ह, पुढच्या तपासण्या आधीच कराव्यात का?

बहीण, वय ३४, चिपळूणला असते. तीन महिन्यांपासून सकाळी बोटं आखडतात. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरते, तासाभराने बोटं मोकळी होतात. फॅमिली डॉक्टरांनी एएनए (शरीराच्याच पेशींविरुद्ध बनलेल्या अँटीबॉडी शोधणारी रक्ततपासणी) करायला सांगितली. एका लॅबमध्ये एलायझा पद्धतीने निगेटिव्ह आली, दुसरीकडे इम्युनोफ्लुरोसन्स पद्धतीने (सूक्ष्मदर्शकाखाली बघून) १:१६० पॉझिटिव्ह, म्हणजे रक्त १६० पट पातळ करूनही, पॅटर्न स्पेकल्ड (ठिपक्यांचा). दोन्ही रिपोर्ट बघून घरात नुसता गोंधळ.

सीबीसी, क्रिएटिनिन, लघवी नॉर्मल. ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) ३२. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (ह्युमॅटॉइड संधिवाताच्या तपासण्या) निगेटिव्ह. चेहऱ्यावर पुरळ, तोंडात फोड, ताप, उन्हाचा त्रास यातलं काही नाही. थायरॉइडची गोळी पाच वर्षं चालू आहे, बाकी औषध नाही.

१:१६० निरोगी माणसांतही साधारण ५ टक्के जणांत सापडतं, थायरॉइडच्या आजारातही येतं आणि नुसत्या एएनएवरून ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) ठरत नाही, एवढं वाचलंय. त्यामुळे 'ल्युपस असेल का' हे विचारत नाहीये, प्लीज घाबरवूही नका.

संधिवाततज्ज्ञांची तारीख तीन आठवड्यांनी मिळालीय, तीही कोल्हापूरला. घरी तान्हं बाळ आहे, त्यामुळे दुसरी फेरी शक्यतो नको. पण ईएनए प्रोफाइल (एएनएमागे नेमक्या कोणत्या अँटीबॉडी आहेत ते बघणारी पुढची तपासणी) स्वस्त नाही, उगाच करायची नाही. लॅबवाला तर एएनएच तिसऱ्यांदा करा म्हणतोय!

जे यातून स्वतः गेलेत किंवा जे या क्षेत्रात आहेत त्यांनी सांगा: ईएनए, अँटी-डीएसडीएनए आणि सी३-सी४ (ल्युपसच्या शंकेत करतात त्या रक्ततपासण्या) आधीच करून न्यावं, की डॉक्टरांनी हात बघितल्यावरच? आणि एएनए पुन्हा करून खरंच काही हाती लागतं का?