मदत हवी आहे: मागचा मेन पाटा पुन्हा तुटला, लोकल घेऊ की ब्रँडेड?

मालवाहू
मागच्या लीफ स्प्रिंगचा मेन पाटा, म्हणजे गठ्ठ्यातली सगळ्यात वरची पट्टी, परत गेला. चार महिन्यांत तिसरा. नाना पेठेत दोन दुकानं पाहिली. एकाकडे स्टिकरवाला ३२०० ला आहे. दुसरा म्हणतो स्टिकरचे पैसे कशाला देता, तोच माल २१०० ला देतो, बिल नको असेल तर अजून शंभर कमी. दिसायला दोन्ही सारखेच काळेकुट्ट. कुठला घेऊ? परवा सकाळी गाडी लोडला लावायचीय, लवकर सांगा. 'कंपनीचाच घ्या' एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या, ते कळतं मला.

भोसरीकर
दोन्ही दुकानांचे दर सांगितलेत, बाकी सगळं गाळलंत. गाडी कुठली, सन कुठलं, पासिंग (माल धरून आरसीवरचं मंजूर वजन) किती, माल काय भरता, पाटा कुठल्या बाजूचा आणि तुटला नेमका कुठून?

मालवाहू
सहा चाकी टिपर, १६.२ टन पासिंग. गाडीच्या कंपनीने काय फरक पडतो, पाटा तो पाटा. उजव्या बाजूचा. मधूनच तुटला. लोड नेहमीचाच.

घाटरस्ता
सोपं आहे. १२ मिमीचा असेल तर १३ मिमीचा मेन टाका आणि खाली एक जादा पाटा चढवा. पुन्हा बघायला लागणार नाही. सगळे टिपरवाले हेच करतात.

शॉकअप_शास्त्री
शॉकअप घेताना एक लक्षात ठेवा: पूर्ण दाबलेली आणि पूर्ण ताणलेली अशी दोन्ही लांबी जुन्याशी जुळली पाहिजे. लांबी चुकली की पाटा वर जायच्या आत शॉकअप आतून ठोकतो आणि ब्रॅकेट उपटतं. रॉडवर तेलाचा ओघळ दिसला तर नवा असला तरी परत करा. शॉकअप जोडीनेच बदलायचे.

भोसरीकर
शास्त्रीबुवा, शॉकअपचं कुणी विचारलंच नाही.

मालवाहू, फरक पडतो. एकाच मॉडेलमध्ये व्हीलबेस आणि टिपर-कार्गोप्रमाणे पाट्याची लांबी, जाडी, कमान बदलते. आरसी घेऊन पार्ट काउंटरला जा, चॅसी नंबर द्या आणि पार्ट नंबर लिहून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत. मग पाटा हवा तिथून घ्या, पण त्या नंबरचा घ्या. 'सोळा टनीचा मेन द्या' म्हणालात तर दुकानदार समोर असेल तो उचलून देतो.

आणि 'मधूनच' म्हणजे कुठे? सेंटर बोल्टच्या (गठ्ठा एकत्र धरणारा मधला बोल्ट) भोकातून, यू बोल्टच्या (गठ्ठा एक्सलला आवळतात ते) कडेला, की बुश बसतो त्या टोकाच्या डोळ्यापाशी? तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

मेटलर्जीवाला
घाटरस्ता यांचा सल्ला उलटा आहे. सगळे पाटे एकत्र आवळले की सगळे जवळपास सारखेच वाकतात. सारख्या वाकण्याला ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो. १२ चा १३ केला की त्या पाट्यावर ताण ८ टक्के जास्त, म्हणजे जाड पाटा आधी तुटणार. 'मजबूत टाकला तरी तुटला' असं लोक म्हणतात ते यामुळेच. शिवाय जादा पाटा टाकला की गठ्ठा उंच होतो आणि जुन्या यू बोल्टला आटे पुरत नाहीत. नट जेमतेम पकडतो.

घाटरस्ता
पुस्तकात ठीक आहे. भरलेली गाडी दिवे घाट कशी चढते ते पुस्तकाला कळत नाही.

मेटलर्जीवाला
चढायची चिंता नाही हो, उतरायची आहे. पाटे वाढवले म्हणून ब्रेक वाढत नाहीत, एक्सलची ताकद वाढत नाही, टायरही वाढत नाहीत. फक्त गाडी बसलेली दिसत नाही, म्हणून माणूस अजून दोन टन भरतो.

मालवाहू
भांडू नका, परवा लोड आहे. फोटो चढत नाहीये इथे. सेंटर बोल्टच्या भोकातून सरळ दोन तुकडे. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, गंजलेला, बाकीचा अर्धा चमकतोय, दाणेदार दिसतो.

भोसरीकर
आता कळलं. तो काळा अर्धा भाग काल तुटलेला नाही. तडा आधीच होता, त्यात पाणी-धूळ जाऊन गंज चढला. चमकणारा भाग तेवढा शेवटी एका दणक्यात गेला. म्हणजे बरेच दिवस गाडी अर्ध्या पाट्यावर चालत होती. काळ्या भागात शिंपल्यासारख्या वळ्या दिसतात का बघा. वळ्या जिथून पसरतात तिथे तडा सुरू झाला.

भोकातून तुटला याचा पहिला अर्थ यू बोल्ट ढिले. यू बोल्ट नीट आवळलेले असतील तर मधला भाग वाकतच नाही, भोक असूनही तिथे ताण येत नाही. ढिले झाले की नेमका तोच भाग वाकतो. यू बोल्टच्या कडेला तुटला असता तर आधी ओव्हरलोडचा संशय घेतला असता.

यू बोल्ट कधी बदलले?

मालवाहू
यू बोल्ट कशाला बदलायचे, ते कुठे तुटले होते?

पाटेवाला_निगडी
घ्या. तिन्ही पाटे इथेच गेले.

यू बोल्ट एकदाच वापरायचा असतो. आवळताना तो ताणला जातो, ताणलेल्या आट्यावर नट पुन्हा फिरवला तर हाताला जड लागतं पण पकड येत नाही. पाटा उघडला की त्या बाजूचे दोन्ही यू बोल्ट, नट आणि वॉशर नवे. साधा काळा बोल्ट गॅसवर तापवून वाकवून देतात तो घेऊ नका. ग्रेडचा ठसा बघून घ्या, नट उंच असतो तोच हवा. साधा बुटका नट आटे खातो.

आवळताना कोपऱ्याकोपऱ्याने, तिरके, तीन-चार फेऱ्यांत. चारही पायांचे आटे नटाबाहेर सारखे दिसले पाहिजेत. टॉर्क मॅन्युअलमधला घ्या. अंदाज हवा असेल तर ८.८ ग्रेडच्या २० मिमी बोल्टला ४०० न्यूटन मीटरच्या आसपास लागतो, म्हणजे एक मीटर पाइपच्या टोकाला साधारण ४१ किलोचा जोर. पोरगं पाइपवर उभं राहून उड्या मारतं तो टॉर्क नव्हे. शेवटचा आवळा गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. पहिली लोडेड फेरी झाली की परत आवळा, मग ५०० ते १००० किमीच्या आत एकदा. ही दुसरी आवळणी कुणी करत नाही आणि नाव पाट्याचं खराब होतं.

हडपसरकर
कात्रज-कोंढवा रस्त्यावरून आठवडाभर गाडी न्या, मग नवे काय नि जुने काय. पाट्यांचं बिल महापालिकेला लावलं पाहिजे.

चाकणचा_चक्रम
मी तर म्हणतो एअर सस्पेन्शन, म्हणजे पाट्यांऐवजी हवेचे रबरी बलून, बसवून टाका. पाट्याची कटकटच संपली.

पाटेवाला_निगडी
टिपरला? खडीच्या खाणीत? आधी बलूनमध्ये खडी घुसेल, मग गाडीची उंची राखणारा लेव्हलिंग व्हॉल्व्ह जाईल. शिवाय हवा ब्रेकच्याच कॉम्प्रेसरची घेणार. आणि आरटीओला विचारल्याशिवाय असा बदल केलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच.

मालवाहू
यू बोल्टचं समजलं, दोन्ही नवे घेतो. पण मूळ प्रश्न तसाच आहे. ३२०० की २१००?

मेटलर्जीवाला
स्टिकर छापायला दोन रुपये लागतात, त्यामुळे ३२०० वाला खराच असेल असंही नाही. दुकानात उभ्या उभ्या तपासता येईल ते सांगतो.

आधी वजन. लांबी, रुंदी, जाडी सेंटीमीटरमध्ये गुणा, ७.८५ ने गुणा, ग्रॅम मिळतील. ९० मिमी रुंद, १२ मिमी जाड, सरळ केल्यावर १५०० मिमी लांब असेल तर १२.७ किलो. डोळ्याची गुंडाळी मोजायची तर जाडीच्या मध्यातून मोजा, बाहेरून नको. काट्यावर ११.७ आला तर पट्टी ११ मिमीची आहे, एक किलो तुमच्या खिशातून गेलं. कडकपणा जाडीच्या घनाने बदलतो, त्यामुळे हा पाटा २३ टक्के मऊ आणि त्याचा वाटा खालच्यांवर. व्हर्नियर न्या, रंगाचा थर वजा धरूनच मोजा.

मग टोकं आणि भोक बघा. गॅसने कापलेलं टोक ओबडधोबड, कडेला वितळलेले थेंब दिसतात. भोक गॅसने पाडलेलं असेल तर तिथल्या तिथे नको म्हणा. तुमचा पाटा तर भोकातूनच गेलाय. आडवी ग्राइंडरची रेघ असेल तरी नको, तडा त्याच रेघेतून सुरू होतो. वरची बाजू, म्हणजे पोकळ बाजू, नखाने रंग खरवडून पहा. बारीक छऱ्यांचा मारा केलेला असेल तर पृष्ठभाग एकसारखा बारीक खड्ड्यांचा, मॅट दिसतो. लोड आला की ताण वरच्या बाजूलाच बसतो, म्हणून मारा तिथे लागतो. लोकल मालात हीच पायरी सर्रास गाळतात, कारण रंगाखाली दिसत नाही. बुश डोळ्यात हाताने आत गेला तरी परत. तो प्रेसनेच बसायला हवा.

घाटरस्ता
एवढं कशाला? कानस घासा. कानस घसरली तर पाटा चांगला, खाल्लं तर मऊ.

मेटलर्जीवाला
ती परीक्षा स्प्रिंग पिनेची, म्हणजे पाट्याचा डोळा चॅसीला अडकवणाऱ्या पिनेची. पिन वरून कडक केलेली असते, तिच्यावर कानस घसरली पाहिजे. पाटा मुद्दामच ४२ ते ४७ रॉकवेलच्या (कडकपणाचं माप) आसपास ठेवतात, त्यावर कानस थोडी धरणारच. कानस घसरेल इतका कडक पाटा असेल तर पहिल्याच खड्ड्यात काचेसारखा तडकेल. पिनेला मात्र नक्की घासून घ्या, ग्रीसचं भोक आरपार आहे का तेही तारेने पहा.

आवाजी
ठोकून आवाज ऐका. घंटेसारखा आला की ओके.

मेटलर्जीवाला
आवाजाने मोठा तडा कळेल. पोलाद कुठलं ते नाही कळत. साध्या लोखंडाची पट्टीही छान वाजते.

एका पाट्यासाठी लॅब परवडत नाही. पण दहा-बारा गाड्या असतील तर भोसरी एमआयडीसीत स्पेक्ट्रो (पोलादात काय किती आहे ती चाचणी) आणि हार्डनेस (कडकपणा) दोन्ही होतं. ६०एसआय७ या स्प्रिंगच्या पोलादाचा म्हणून विकत असतील तर कार्बन ०.५५ ते ०.६५ आणि सिलिकॉन १.५ ते २ टक्के यायला हवं. सिलिकॉन ०.२ आला की समजा साधी पट्टी रंगवून दिली. हार्डनेस घेण्याआधी वरचा अर्धा मिमी थर घासायला सांगा, तो मऊ असतो आणि आकडा फसवतो.

भोसरीकर
+१. आणि बिल घ्या हो. शंभर रुपयांसाठी बिल सोडलं की पाटा बदलून द्यायची जबाबदारीही सोडली. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या, जीएसटीचा एचएसएन कोड ७३२० असतो पाट्यांचा.

आता 'लोड नेहमीचाच' कडे वळू. नेहमीचाच म्हणजे किती?

मालवाहू
क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. तेरा-चौदा टन. रिकामी गाडी सहाच्या आसपास. सगळेच भरतात. आणि आता तर सरकारनेच लिमिट वाढवलंय ना?

भोसरीकर
सहा आणि चौदा वीस. पासिंग १६.२. कलम १९४ नुसार वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, म्हणजे काट्यावर एकदा सापडलात की २८ हजार. त्यात पाट्यांचं बरंचसं काम होतं. २०१८ ला मागच्या चार टायरी एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली हे खरं. पण तुमच्या आरसीवर लिहिलंय ते तुमचं. आणि कागद बदलला म्हणून गाडीखालचं पोलाद बदलत नाही.

पाटेवाला_निगडी
लोडवर त्यांचं ते बघतील. एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. नवा मेन पाटा जुन्या बसलेल्या गठ्ठ्यावर टाकताय का?

मालवाहू
हो. बाकीचे तुटले नाहीत.

पाटेवाला_निगडी
मग बोल्ट आवळण्याआधी नवा मेन आणि खालचा जुना दुसरा एकावर एक ठेवून बघा. खालचा पाटा वरच्यापेक्षा थोडा जास्त वाकलेला हवा, म्हणजे टोकं टेकतात आणि मधे फट राहते. आवळल्यावर मेन पाटा आधीच उलट बाजूला ताणला जातो आणि लोडचा पहिला मार त्याला कमी लागतो. तुमचे खालचे पाटे बसून सपाट झाले असतील तर उलटं दिसेल: मधे टेकलंय आणि टोकाला फट. तसा आवळला तर सगळा भार आधी मेनवर. ३२०० चा असो की पाच हजारांचा, जाणारच.

फट उलटी असेल तर पूर्ण गठ्ठा बदला, आणि दोन्ही बाजूंचा. एकाच बाजूचा बदलला तर गाडी एका अंगाला कलते. जुने पाटे भट्टीत तापवून कमान चढवून देतात, त्याच्या नादी लागू नका. पुन्हा नीट पाणी आणि ताव दिला नाही तर महिन्यात सपाट होतात किंवा तुटतात.

सेंटर बोल्ट काढण्याआधी गठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी सी क्लॅम्प लावा. न लावता नट सोडला तर पाटे उसळतात, बोटं जातात. चॅसी स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. जवळपास वेल्डिंग असेल तर त्याची अर्थिंगची वायर पाट्याला लावू देऊ नका, ठिणगीचा एक डाग पडला तरी तडा तिथून सुरू होतो.

बसवून झाल्यावर त्याच पाट्याच्या पुढच्या हँगरच्या (चॅसीवरचं ब्रॅकेट) पिनेपासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंना टेप लावा. फरक ५ मिमीच्या वर गेला तर सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या खळग्यात बसलेलं नाही. गाडी तिरकी चालेल आणि टायर खाईल.

मालवाहू
आत्ता बघितलं. टोकाला फट आहे, बोट जातंय. डावीकडेही तेच. यू बोल्टचे आटे तर चपटे झालेत. दोन्ही गठ्ठे आणि चार यू बोल्ट घेतोय, चॅसी नंबरवरून. परवाचा लोड दुसऱ्याच्या गाडीला दिला. चौदा टनांचं काय करायचं ते मालाच्या मालकाशी बोलतो, गाडी माझी असली तरी वाळू त्याची.

हडपसरकर
अवांतर: ते जुने पाटे भंगारात टाकू नका. माझ्या गावचा लोहार ऊसतोडीचे कोयते करायला घेतो. किलोला किती हवेत?

मालवाहू
आधी उतरवू तर द्या.