सीटचा दांडा घसरतोय त्याबद्दल

सायकलच्या सीटचा नवा दांडा घसरतोय असं तुम्ही लिहिलंय. तो २७.० मिमीचा आणि फ्रेमचं भोक २७.२ चं, म्हणजे फ्रेमच्या तोंडाशी असलेला क्लॅम्प कितीही आवळलात तरी तो घसरणारच. वर एका उत्तरात दांड्याभोवती कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा गुंडाळायचा सल्ला आलाय. पत्रा साधारण ०.१ मिमी जाड, त्यामुळे एका वेढ्यात (दोन्ही बाजू मिळून ०.२) हिशोब जुळतो हे खरं. तात्पुरतं ठीक आहे, कायमचं नको. दुकानदाराकडून दांडा बदलूनच घ्या. माप बहुतेक वेळा जुन्या दांड्याच्या खालच्या टोकाशी कोरलेलं असतं. पुसलं गेलं असेल तर व्हर्नियर कॅलिपर (बारीक माप घ्यायचं साधन) लावा, फूटपट्टीचं हे काम नव्हे.

दांडा बसवताना फ्रेमच्या नळीत आत ग्रीसचा हात फिरवा. स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा दांडा कोरडाच घातला तर पावसाळ्यांत असा जाम होतो की मग हातोडी आणि शिव्या दोन्ही लागतात. (दांडा किंवा फ्रेम कार्बन फायबरची असेल तर ग्रीस अजिबात नको, त्याची वेगळी पेस्ट मिळते.) दांड्यावरची किमान खोलीची रेघ फ्रेमच्या आत गेलीच पाहिजे, इथे तडजोड नाही.

सीट चढवताना सीटखालच्या क्लॅम्पचे दाते नीट पाहा. अर्धवट बसले तर बोल्ट आवळल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच खड्ड्यात सीटचं नाक वर येतं. उंचीसाठी पेडल तळाला नेऊन टाच ठेवा, गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. मग दांड्यावर फ्रेमच्या तोंडाशी इन्सुलेशन टेप चिकटवा, घसरला तर लगेच कळेल.