महादेवाच्या लेण्यात क्रूस कसा काय?

बोरीवलीकर७७
रविवारी पोरीला घेऊन मंडपेश्वर लेण्यात गेलेलो. आत नटराज, खांब, सगळा मामला महादेवाचा आणि एका भिंतीवर हा भला मोठा क्रूस कोरलेला. पोरगी विचारते बाबा हे देऊळ की चर्च, मी म्हटलं आधी आईस्क्रीम खा. पण खरंच, मुंबईची सात बेटं अधिक उत्तरेचं साष्टी बेट, एवढ्याशा जागेत इतके धर्म आले कसे?

उत्तनचा_पाव
दोन्ही आहे ते. लेणं शैव, साधारण सहाव्या शतकातलं. १५३४ ला गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहात ही बेटं पोर्तुगीजांना दिली, मागोमाग फ्रान्सिस्कन पाद्री आले आणि लेण्याचंच चर्च केलं, वर त्यांच्या मठाचे पडके अवशेष अजून आहेत. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे मराठी कॅथलिक, त्याच काळात बाटलेले, कोणी जबरदस्तीने तर कोणी सवलतीसाठी. पण लग्नात उंबराचं पाणी आणायला अजून वाजतगाजत विहिरीवर जातो आणि घरात मराठीच. नाव मात्र १८८७ चं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी घेतलं, गोवा-मंगळूरच्या कॅथलिकांपासून वेगळं दिसावं म्हणून, नोकऱ्यांची भानगड होती. पश्चिम किनाऱ्यावर राहून ईस्ट इंडियन, हसू नका.

दगडधोंड्या
पोर्तुगीज तर कालचे हो. कान्हेरीला जा, इसवीसनपूर्व पहिल्या शतकापासून बौद्ध भिक्खू राहायचे, शंभरावर लेणी, पाण्याची टाकी, आणि पैसा कोणाचा तर सोपारा-कल्याणच्या व्यापाऱ्यांचा, शिलालेखातच लिहिलंय. बंदर होतं म्हणून व्यापारी आणि व्यापारी होते म्हणून विहार. आणि ९० नंबरच्या लेण्यात पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत, कोरलेली नावं आहेत, १००९ आणि १०२१ ची, पारशी मंडळी लेणी बघायला आलेली!! भिंतीवर नाव कोरायची खोड हजार वर्षं जुनी बघा.

माहीमची_पोर
माहीमच्या दर्ग्यातल्या मखदूम बाबांना विसरलात? अली माहिमी, अरब वंशाच्या नवायत घराण्यातले, कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं, १४३१ ला गेले. मुसलमान म्हटलं की लोकांना लगेच सुलतानाची फौज आठवते पण या किनाऱ्यावर अरब व्यापारी त्याच्या कितीतरी आधीपासून होते. उरसात पोलिसांचा मान पहिला, बँड लावून मिरवणूक निघते, आमच्या गॅलरीतून दिसते.

शनवारतेली
आमचंही ऐका. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, तेलाचे घाणे, शनिवारी काम बंद म्हणून शनवार तेली. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, १७९६ चं, मांडवीला, आमची माणसं त्याला मशीदच म्हणायची. मशीद बंदर नाव त्यावरूनच पडलं असं आजी ठासून सांगायची, वाद घालायची सोय नव्हती.

बोरीवलीकर७७
पोरीला वाचून दाखवलं, आता तिला ९० नंबरच बघायचाय. कान्हेरीपर्यंत बस जाते का?

दगडधोंड्या
जाते, नॅशनल पार्कच्या गेटातून. सोमवार सोडून कधीही जा, आणि खाऊची पिशवी हातात नको, माकडं.