जंताच्या औषधाने हे थांबणार नाही
एकाने लिहिलंय की कोंबडीच्या ३ आठवड्यांच्या पिल्लांना जंताचं औषध पाजूनही रक्ताची हगवण थांबेना. कशी थांबेल? हे जंत नव्हेत, कॉक्सिडिया असणार; एकपेशीय परजीवी, जंताच्या औषधाला दाद न देणारे. पिल्लू पंख पाडून, पिसं फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभं असेल तर पशुवैद्यांना विचारून लगेच अ‍ॅम्प्रोलियम हे कॉक्सिडियावरचं औषध सुरू करा, तेही पाण्यातून. आजारी पिल्लू दाणा सोडतं, पाणी मात्र पितं. त्या दिवसांत बी-१ जीवनसत्त्व असलेलं टॉनिक बंद. कारण अ‍ॅम्प्रोलियम त्याच जीवनसत्त्वाची नक्कल करून परजीवीला उपाशी मारतं. आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भुसा आजच उचला. पहिल्या खेपेला मी तेवढंच विसरलो, आठवड्याभरात पुन्हा लाल विष्ठा.