दुष्काळावरची विद्यार्थी परिषद : सारांश आलेत ६४, आता सत्रं कशी लावायची?

कोरडा_ओढा
मानव्यविद्या शाखेतले एम.ए. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी मिळून फेब्रुवारीत पुण्यात दोन दिवसांची आंतरविद्याशाखीय परिषद घेत आहोत. विषय : महाराष्ट्रातले दुष्काळ. इतिहास, मराठी, समाजशास्त्र, स्त्री अभ्यास, तत्त्वज्ञान, भाषाविज्ञान अशा विभागांतून ६४ सारांश आले आहेत. वाचायला आठ जण तयार आहेत. १२० खुर्च्यांचं एक सभागृह मिळालंय, बाहेर मोठा व्हरांडा आहे. पैसे साधारण ६० हजार.

अडचण अशी, की पहिल्या आराखड्यात इतिहासाचं सत्र, मराठीचं सत्र, समाजशास्त्राचं सत्र असंच झालंय. मग 'आंतरविद्याशाखीय' हे नुसतं फलकावरच राहणार. शिवाय किती निबंध घ्यावेत, आणि आयएसबीएन असलेलं पुस्तक काढावं का?

दप्तरी
आधी वेळेचं गणित मांडा, निवडीचं नंतर. सत्र ७५ मिनिटांचं, निबंध तीनच : वाचनाला प्रत्येकी १५ मिनिटं, चर्चेला २५, उरलेली ५ माणसं उठण्या-बसण्यात जातात. पहिल्या दिवशी बीजभाषणाला (मुख्य वक्त्याच्या भाषणाला) वेळ सोडून तीन सत्रं बसतात, दुसऱ्या दिवशी चार. म्हणजे २१ निबंध. चौथा निबंध कोंबला की कात्री लागते ती चर्चेलाच, आणि वेगवेगळ्या विषयांची माणसं एकमेकांशी बोलतात ती तेवढ्या २५ मिनिटांतच. समांतर सत्रं तर नकोच. ती ठेवली की जो तो आपल्या विषयाच्या खोलीत जाऊन बसतो.

राहिलेल्यांपैकी दहा-बारा जणांना व्हरांड्यात भित्तिपत्रं लावायला सांगा, पाच जण प्रतीक्षा यादीत ठेवा. गळती होतेच. परिषदेच्या तीन आठवडे आधी लेखी होकार मागवा आणि नोंदणी शुल्क तेव्हाच घ्या, सारांश पाठवताना नको.

निवडीसाठी प्रत्येक सारांश दोघांनी वाचावा, एक त्या विषयातला आणि एक बाहेरचा. १२८ वाचनं होतात, आठ जणांत प्रत्येकी १६. वीसपैकी गुण द्या : प्रश्न, साधनं, पद्धत आणि 'बाहेरच्याला कळतं का', प्रत्येकी पाच. दोघांच्या गुणांत सहापेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्याकडे द्या. नाव काढून क्रमांक टाका. फाइलच्या गुणधर्मांतही लेखकाचं नाव असतं, ते बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

ओवीबद्ध
सत्रांबद्दल. सत्राचं नाव विषयाचं नको, प्रश्नाचं हवं. सारांशांचे कागद टेबलावर पसरा, विभागाचं नाव झाका आणि प्रत्येकावर एकच गोष्ट लिहा : हा निबंध कोणत्या साधनावर उभा आहे? मग गठ्ठे आपोआप पडतात.

१८७६-७८चा दुष्काळ घ्या. सावित्रीबाईंनी २० एप्रिल १८७७ला ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र आहे, त्याच काळातले पुणे सार्वजनिक सभेचे (लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या संस्थेचे) दुष्काळाचे वृत्तांत आहेत, आणि १८८०चा सरकारी दुष्काळ आयोगाचा अहवाल आहे. पत्रावर मराठीचा किंवा स्त्री अभ्यासाचा विद्यार्थी बोलेल, वृत्तांतांवर इतिहासाचा, अहवालातल्या 'मदतीला पात्र कोण' या कलमांवर तत्त्वज्ञानाचा. तिघांपुढे प्रश्न एकच : उपाशी माणसाची नोंद कोण करतं आणि कोणासाठी? हे झालं एक सत्र.

१९७२च्या दुष्काळासाठी 'काम' हा धागा धरा. खडी फोडणं, पाझर तलाव, सुकडी (दुष्काळी कामांवर मिळणारा खाऊ), मस्टर (मजुरांचा हजेरीपट). तिथून रोजगार हमीच्या १९७७च्या कायद्यापर्यंत. कायद्याचा अभ्यास करणारा, मजूर बायकांच्या मुलाखती घेणारी आणि दुष्काळी कथा वाचणारा असे तिघं एकत्र बसवा. जात्यावरच्या ओव्यांवर कोणी लिहिलं असेल तर तो निबंध लोकसाहित्याच्या कोपऱ्यात टाकू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या संशोधकांच्या पुढाकारातून जमलेला ओव्यांचा संग्रह एक लाखाच्या वर आहे. त्यावर भाषाविज्ञानाचा विद्यार्थी एक बोलेल, संगीताचा दुसरंच.

प्रत्येक सत्राला अध्यक्षाबरोबर एक भाष्यकार हवाच, आणि तोही तिन्ही निबंधांच्या विषयांबाहेरचा. त्याला पूर्ण निबंध दहा दिवस आधी मिळायला हवेत. आठ मिनिटांत त्याने तिन्ही निबंधांना मिळून एकच प्रश्न विचारावा. नुसता अध्यक्ष असला की 'तिन्ही निबंध अभ्यासपूर्ण होते' म्हणून मोकळा होतो.

घंटा_वाजली
वरच्या दोघांशी सहमत, पण हे सगळं उद्घाटनात बुडतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, मान्यवरांची मनोगतं, आभार : दहाचा कार्यक्रम पावणेबाराला संपतो आणि पहिल्या सत्रातल्या मुलांना 'जरा थोडक्यात' सांगितलं जातं. उद्घाटन २० मिनिटांचं ठरवा, पत्रिकेत नावापुढे मिनिटं छापा. त्याहून चांगला तोडगा म्हणजे पहिलं सत्र साडेनऊला ठेवायचं आणि उद्घाटन व बीजभाषण चहानंतर. पाहुणे उशिरा आले तरी खोळंबा होत नाही.

मराठीत नीट, सावकाश वाचलं तर मिनिटाला ११०-१२० शब्द होतात. १५ मिनिटांसाठी निबंध १,६०० शब्दांचा मागा आणि हा आकडा स्वीकारपत्रातच लिहा. नाहीतर प्रबंधाचं अख्खं प्रकरण घेऊन येतात आणि पानं गाळत वाचतात. वेळ दाखवणारा पहिल्या रांगेत मधोमध बसवा, हातात तीन पाट्या : '५', '२', 'थांबा'. बाजूला बसलेला वक्त्याला दिसत नाही, किंवा वक्ता तसं म्हणतो.

पहिला प्रश्न विद्यार्थ्याचाच, ही घोषणा अध्यक्षांनी सत्राच्या सुरुवातीलाच करावी. एकदा ज्येष्ठ प्राध्यापकांनी माइक घेतला की दहा मिनिटं गेली.

दप्तरी
पुस्तकाचा मुद्दा राहिला होता. घाईने काढू नका. आयएसबीएन ही पुस्तकाची नोंद आहे, दर्जाची पावती नाही. तो क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून फुकट मिळतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६च्या नियमांत पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी एक प्रकाशित निबंध आणि दोन परिषदांत वाचन बंधनकारक होतं. २०२२च्या नियमांत ते राहिलं नाही, पण आपल्या विद्यापीठाचा स्वतंत्र नियम असेल तर तो पाहा. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे शिक्षकांच्या निवड-बढतीच्या गुणांत राज्य पातळीवरच्या वाचनाला २, राष्ट्रीयला ३ आणि देशातल्या आंतरराष्ट्रीयला ५ गुण असल्यामुळे फलकावर 'आंतरराष्ट्रीय' लिहायचा मोह होतो. परदेशातून एक जण ऑनलाइन बोलला म्हणून ते लिहू नये, असं माझं मत.

त्यापेक्षा परिषदेच्या दिवशी सारांशांची पीडीएफ पुस्तिका द्या. नंतर सहा-आठ निबंध तज्ज्ञांकडून तपासून एखाद्या नियतकालिकाच्या विशेषांकाला द्या.

आणि पहिल्याच पत्रात लिहा : मजकूर युनिकोडमध्येच, वर्डच्या फाइलमध्ये. श्रीलिपी किंवा सुरेखसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो, आणि देवनागरी पीडीएफमधून मजकूर उचलला तर जोडाक्षरं, वेलांट्या तुटतात. स्लाइड्सचं उलट : त्या पीडीएफ करूनच आणायला सांगा, सभागृहातल्या संगणकावर तो फाँट असेलच असं नाही.

कोरडा_ओढा
सगळ्यांचे आभार. २१ निबंध आणि भाष्यकार पक्के. ६० हजारांत बसेल का? साधारण ८० माणसं धरली आहेत.

घंटा_वाजली
बसेल. जेवण १३० आणि दोन वेळचा चहा-नाश्ता ५० धरला तर माणशी रोजचे १८०, म्हणजे दोन दिवसांचे २८,८००. बीजभाषकांचा प्रवास आणि मुक्काम १४ हजार, छपाई ५ हजार. उरलेले १२ हजार बाहेरगावच्या विद्यार्थ्यांच्या एसटीच्या आणि रेल्वेच्या तिकिटांना ठेवा. नांदेड-लातूरकडची मुलं त्याशिवाय यायची नाहीत, आणि या विषयावर त्यांना वगळून काय बोलणार? शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हं काढून टाका. पैसे विभागाकडून येत असतील तर केटररचं बिल जीएसटी क्रमांकासकट आधी ठरवून घ्या आणि हिशेब ३१ मार्चच्या आत द्या. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापलीकडे तारीख नेलीत तर लेखा विभागात तुमची फाइल वर्षअखेरच्या गर्दीत सापडेल.