दोन गोष्टींतलं साम्य आणि फरक मुलांना कसा शिकवावा?

दुसरीची आई:
मुलगी सात वर्षांची. घडाघडा वाचते. पण दोन गोष्टी वाचून झाल्यावर 'काय सारखं, काय वेगळं?' विचारलं की "दोन्ही छान आहेत" एवढंच म्हणते. सुरुवात कुठून करू? पुस्तकंही सुचवा.

पाटीपेन्सिल:
मी पहिली-दुसरीला शिकवते. ताई, दोन गोष्टी एकदम नकोत. आधी एकाच गोष्टीतली दोन पात्रं घ्या, म्हणजे आपले चिऊ-काऊ. आणि मोघम विचारू नका, मुद्दा तुम्ही द्या: घर कशाचं? पाऊस आल्यावर घराचं काय झालं? नाहीतर मुलं सांगतात, "काऊचं घर शेणाचं आणि चिऊ बाळाला अंघोळ घालते." दोन्ही खरं, पण ही तुलना नव्हे. "काऊचं घर शेणाचं, तर चिऊचं मेणाचं" असं पूर्ण वाक्य म्हणवून घ्या. 'तर', 'मात्र', 'दोघंही' हे शब्द तोंडात बसले की पुढे लिहिताना अडत नाही.

फरक मुलांना चटकन दिसतो, साम्याला वेळ लागतो. तिथे थांबा, उत्तर पुरवू नका.

आजोळ:
काही घरांत शेवटी काऊला चटका बसतो, काही घरांत चिऊ त्याला आत घेते. आजीची गोष्ट आणि पुस्तकातली गोष्ट शेजारी ठेवून बघा. मुलं तावातावानं बोलतात!

दुसरीची आई:
हे आजच करते. एकमेकांना छेदणाऱ्या दोन वर्तुळांचा तक्ता कसा वाटतो?

पाटीपेन्सिल:
चांगला, पण कागदावर मुलं रकाने भरल्यासारखा भरतात. जमिनीवर दोऱ्यांची दोन वर्तुळं करा आणि चिठ्ठ्या ठेवायला द्या. वाद झाला तर गोष्टीतलं वाक्य शोधून दाखवायला सांगा.

मग दोन गोष्टींकडे या. माझी आवडती जोडी म्हणजे भोपळ्यातली म्हातारी आणि माकड-मगर. "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाड होऊन येईन" असं म्हणून म्हातारी वाघाला थोपवते. "काळीज झाडावरच राहिलं" म्हणून माकड सुटतं. दोघंही खाणाऱ्याला आशा दाखवून जीव वाचवतात. पण वाघ उघड वैरी, तर मगर मित्र. हा फरक मुलीच्या तोंडून येऊ द्या.

वाचनवेडी:
पुस्तकांसाठी 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट बघा. मराठी गोष्टी मोफत आहेत आणि वाचनपातळीनुसार लावलेल्या आहेत. जोडी एकाच पातळीची निवडा.